शब्दशंका : ‘इम्प्यूट’ कधी वापरावे?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, रंगकामासाठी निविदा का मागवल्या नाहीत, असे मी विचारले होते. त्यानंतर व्यवस्थापक समितीकडून इंग्रजी पत्र आले. त्यात, सभासदांनी समितीवर ‘मोटिव्हज इम्प्यूट’ करू नयेत, अशी सूचना आहे. ‘ॲट्रिब्यूट’, ‘अस्क्राइब’ आणि ‘इम्प्यूट’ यांचे अर्थ शब्दकोशात जवळजवळ सारखेच दिसतात. मग इथे ‘इम्प्यूट’च का?
— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : एखाद्या गोष्टीचे कर्तृत्व किंवा कारण कोणाकडे तरी जाते असे सांगणे, हा तिन्ही क्रियापदांचा समान गाभा आहे. त्यांतले ‘ॲट्रिब्यूट’ सर्वांत तटस्थ. यशाचे श्रेय मेहनतीला द्यायचे असो की स्वाक्षरी नसलेले चित्र एखाद्या चित्रकाराचे मानायचे असो, ते कुठेही चालते. ‘अस्क्राइब’चा वापरही तसाच, फक्त थोडा अधिक ग्रांथिक.

‘इम्प्यूट’ मात्र बहुधा दोष, अपराध किंवा वाईट हेतू यांच्यासोबतच येते, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याने ती गोष्ट कबूल केलेली नसून ती बोलणाऱ्याने आपल्या तर्काने त्याच्यावर लादली आहे, असेही त्यातून सुचते. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘हिशेबात धरणे’ असा असून आपल्या जमाखर्चातले ‘नावे टाकणे’ त्याच्या फार जवळचे आहे. कायद्याच्या भाषेत या शब्दाला मोठे वजन आहे : 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 499 मध्ये अब्रुनुकसानीची व्याख्या ‘इम्प्युटेशन’ या नामाभोवतीच रचलेली होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही ते नाम कायम आहे. लोकसभेच्या कामकाज नियमांतही दुसऱ्या सदस्यावर ‘मोटिव्ह इम्प्यूट’ करण्यास मनाई आहे. यासाठी मराठीत ‘हेत्वारोप’ हा नेमका शब्द असताना समितीने तो वापरला असता तर अधिक बरे झाले असते.

अर्थशास्त्रात आणि संख्याशास्त्रात मात्र या क्रियापदाला दोषाची छटा नाही. मालक स्वतःच्या घरात राहत असेल तर राष्ट्रीय उत्पन्न मोजताना त्या घराचे अंदाजी भाडे धरतात, त्याला ‘इम्प्यूटेड रेंट’ म्हणतात.

रचनेत दोष आधी येतो, मग ‘टू’ आणि त्यानंतर व्यक्ती. ‘इम्प्यूट हिम विथ’ असे लिहू नये. त्या दृष्टीने पत्रातले वाक्य निर्दोष असले, तरी तुमच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. निविदा का मागवल्या नाहीत, हे विचारणे म्हणजे कारण मागणे होय. ठेकेदाराचा फायदा व्हावा म्हणून समितीने त्या टाळल्या, असे तुम्ही म्हणाला असता, तरच तो हेत्वारोप झाला असता.