पाठ करण्याआधी मोकळा कार्बन शोध

पीयूसीला (अकरावी-बारावीला) जीवरसायन सुरू झालं की पोरं साखरांची नावं घोकत बसतात. तू वहीत आकृती काढ आणि कोणता कार्बन मोकळा आहे ते बघ. सुक्रोजमध्ये, म्हणजे आपल्या रोजच्या साखरेत, ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून मोकळ्या कार्बनची साखर ओळखायचं बेनेडिक्टचं द्रावण तापवलं तरी निळंच राहतं. लॅक्टोजमध्ये, म्हणजे दुधातल्या साखरेत, ग्लुकोजचा पहिला कार्बन मोकळा असतो. त्याच द्रावणात तापवलं की विटकरी साका बसतो.

हे खरं कळतं ते आपल्या बेळगावच्या कुंद्यात. दूध आटत आटत बदामी होतं, ते नुसती साखर करपून नाही. लॅक्टोजचं तेच मोकळं टोक दुधातल्या प्रथिनांच्या लायसिन या अमिनो आम्लातल्या अमिनो गटाशी जोडलं जातं, आणि पुढच्या अभिक्रियांतून रंग आणि खमंग वास येतो. १९१२ साली फ्रान्समधल्या मेयार यांनी ही अभिक्रिया मांडली. मला तर अख्ख्या अभ्यासक्रमात हीच सगळ्यात आवडते!

प्रथिनं ज्यांची बनतात ती वीसही अमिनो आम्लं एकदम घेऊ नकोस. ग्लायसिन, ॲलनिन, लायसिन आधी. बाकी सांगाडा तोच, बदलते ती बाजूची साखळी. प्रोलिन शेवटी बघ, त्याची साखळी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असते.