जुन्या गाडीचा टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात जातो, पण रेडिएटर उकळत नाही. मेकॅनिक हेड (इंजिनाचं वरचं झाकण) खोलायचं म्हणतो. खोलू का?

नका खोलू, निदान इतक्यात तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की साठच्या दशकातली ब्रिटिश गाडी आहे. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पळायला लागली की काटा चढतो आणि सायनच्या सिग्नलला थांबलात की उतरतो. खरोखर तापणारी गाडी बहुतेक वेळा याच्या उलट वागते. ट्रॅफिकमध्ये अडकली की तापते आणि वारा लागला की निवते. (रेडिएटर आतून चोंदलेला असेल तर वेगातही तापते, म्हणून नुसत्या तर्कावर विसंबू नका.) पण खरी गंमत तुम्ही शेवटी जाताजाता लिहिलीत: पेट्रोलचा काटाही हल्ली अर्ध्या टाकीला पाऊण दाखवतो. हेड गास्केट (हेडखालचं सील) गेल्यावर पेट्रोल वाढत नाही हो!

त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत हे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. स्पीडोमीटरच्या मागे काड्यापेटीपेक्षाही लहान पत्र्याची डबी असते, ती बॅटरीचे १२ व्होल्ट तोडत-जोडत सरासरी १० व्होल्ट काट्यांना देते. डबीच्या आत एक पट्टी तापून वाकते, संपर्क तुटतो, निवली की पुन्हा जोडला जातो. पट्टी तापवणाऱ्या तारेला अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट) मिळतो तो डबी जिथे बसवलेली असते त्या पत्र्यातून. तिथे गंज चढला की पट्टी तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि पूर्ण व्होल्टेज थेट काट्यांना जातं. मग दोन्ही काटे वर. शिवाय इंजिन फिरवलं की डायनॅमोचं व्होल्टेज वाढतं आणि काटेही त्याच्यामागे चढतात. तुमचा हायवे आणि सायनचा सिग्नल यातच आला. मुंबईच्या खाऱ्या हवेत हा गंज नवलाचा नाही.

तुमच्या गाडीत ही डबी आहे की नाही हे चावी फिरवून कळतं. पेट्रोलचा काटा सावकाश, सेकंदासेकंदाने वर सरकत गेला तर बहुधा आहे. टुणकन उडी मारून जागेवर बसला तर मीटर वेगळ्या जातीचे आहेत.

आता काम. आधी इंजिन खरंच किती तापतंय ते मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, थर्मोस्टॅटच्या घरावर (इंजिनातून रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या आवरणावर) काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. चकचकीत धातूवर ते यंत्र कमी आकडा दाखवतं, टेपवर बरोबर. काटा लालमध्ये असताना आकडा ८० ते ९०च्या आसपास असेल तर मेकॅनिकला नमस्कार करून गाडी घरी आणा. गरम रेडिएटरची टोपी मात्र काही झालं तरी उघडू नका.

मग डबी. तिच्यातून काट्यांकडे वायर जाते त्या टर्मिनलवर (बहुधा ‘आय’ असं इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं) १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक अर्थला. चावी चालू केल्यावर थोड्या वेळात लॅम्प मिचमिचायला हवा. इथे डिजिटल मल्टिमीटर लावू नका, आकडे नाचतात आणि डोकं उठतं. लॅम्प एकसारखा जळत राहिला तर डबी काढा, बसायची जागा पॉलिश पेपरने घासा आणि डबीच्या पत्र्यापासून बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थची वायर टाका. डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा, हे सांगायला नको. डबीवर ‘टॉप’ लिहिलेलं असेल तर ती बाजू वरच राहू द्या.

तरीही मिचमिचला नाही तर संपर्क चिकटलेत. लॅमिंग्टन रोडला ७८१० नावाची आयसी (स्थिर १० व्होल्ट देणारी छोटी चिप) चिल्लर पैशांत मिळते. तिची पाठ अर्थलाच जोडलेली असते, त्यामुळे रिकाम्या डबीच्या पत्र्यावर स्क्रूने बसते. पण आधी बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडली आहे ते बघा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, तिथे ७८१० चालत नाही, ७९१० लागते, आणि तिची पाठ अर्थला जोडलेली नसते, म्हणून ती तशीच पत्र्यावर बसवू नका.

दोन्हीऐवजी एकटा टेम्परेचरचा काटा बिघडला असता तर मी सेन्सरकडे (इंजिनात बसून पाण्याचं तापमान काट्याला कळवतो तो) गेलो असतो. त्याची वायर काढली की काटा थंडकडे पडतो, वायर क्षणभर अर्थला टेकवली की गरमकडे जातो. जास्त वेळ टेकवाल तर मीटर जळेल. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सेन्सर मिळतात, पण आटे जुळले म्हणजे रोध जुळला असं नाही, म्हणून जुना घेऊन जा. आणि बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सेन्सरला अर्थ तिथूनच मिळतो.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, कारण यात इंजिनं गेलेली आहेत. पाणी कमी झालं आणि सेन्सर हवेत उघडा पडला की काटा चढायच्या ऐवजी थंडकडे घसरतो. म्हणजे इंजिन भाजतंय आणि काटा निवांत. चालत्या गाडीत काटा अचानक पडला तर आनंद मानू नका, कडेला घ्या.

थर्मामीटरच खरोखर १०५च्या पुढे गेला, तर मेकॅनिकचं म्हणणं ऐकून घ्या. सात पीएसआयच्या (इतका दाब धरून ठेवणाऱ्या) टोपीखाली पाणी ११० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे फारसा वाव उरलेला नसतो. तरीसुद्धा आधी फॅन बेल्ट, टोपीचा रबर आणि रेडिएटरची सफाई, मग इंजिन थंड असताना टोपी काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येतात का (हेड गास्केट गेल्याची खूण), ते बघा. हेड त्यानंतर.