नवरा मुंबई पोलिसांत शिपाई आहे. योजना आणि त्यांची खबर घरच्यांना कुठून मिळते?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मिस्टर मुंबई पोलिसांत नवे शिपाई आहेत, सध्या नायगावला एल.ए.ला म्हणजे लोकल आर्म्स या सशस्त्र पोलिसांच्या विभागात, घरी आले की जेवतात आणि झोपतात. पोलिसांच्या कुटुंबासाठी कायकाय योजना आहेत, नवीन काही निघालं तर ते कुठे कळतं, आणि बायकोने स्वतः जाऊन चौकशी केली तर चालतं का?

आमचे हे सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. आमचा संसार पोलीस लाईनीतच झाला, मुलंही तिथेच मोठी झाली. त्यामुळे आतला साहेब सांगेल तसं मी सांगू शकणार नाही, पण चुलीपाशी बसून जे कळतं ते सांगते.

योजना कमी नाहीत. अडतं ते खबरेवर. एखादा आदेश निघाला की तो नोटिशीत येतो, हजेरीला वाचून दाखवतात, कधी फळ्यावर लागतो. हजेरीत उभा असलेला माणूस आदल्या रात्री बंदोबस्त करून आलेला असतो. त्याच्या कानात शिरतं ते एवढंच की आज आपली ड्युटी कुठे आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज अमुक तारखेपर्यंत द्या, हे वाक्य त्याच्या डोक्यावरून जातं आणि घरी तर मुळीच पोहोचत नाही. बरं, बँकेत किंवा एसटीत युनियनचा माणूस घरोघरी सांगतो, तशी सोय इथे नाही. १९६६ च्या केंद्राच्या कायद्याने पोलिसांना संघटना करण्यावर बंधनं आहेत. महाराष्ट्रात एकेकाळी संघटना होती. पण ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांचं आंदोलन चिघळलं, संघटनेची मान्यता गेली, लोक बडतर्फ झाले. लाईनीतली जुनी माणसं अजून त्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. तेव्हापासून गाऱ्हाणं मांडायची जागा म्हणजे ओ.आर. (ऑर्डरली रूम, वरिष्ठांसमोर उभं राहून म्हणणं मांडायचं) किंवा आयुक्तांचा दरबार. दोन्ही ठिकाणी माणूस एकटाच उभा राहतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: पोलिसाच्या घरात कागद बायकोने सांभाळायचे आणि खबरही तिनेच ठेवायची.

आता ही खबर नेमकी ओळखायची कशी, ते जरा नीट सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पेपरात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'पोलिसांसाठी खूशखबर' असं येतं. ती बहुतेक वेळा नुसती घोषणा असते. घोषणेनंतर मंत्रिमंडळाचा निर्णय, त्यानंतर गृह विभागाचा शासन निर्णय म्हणजे जीआर, आणि त्याच्यानंतर महासंचालक कार्यालयाचं किंवा आयुक्तालयाचं परिपत्रक. हे सगळं झाल्यावर मग ठाण्यातला कारकून अर्ज घेतो. मधल्या कुठल्याही पायरीवर गोष्ट थांबू शकते, बदलू शकते. बीडीडी चाळीतल्या पोलिसांच्या घरांचं बघा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींत पोलिसांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सेवानिवासस्थान म्हणून राहिली. पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांचं घर मालकीने द्यायचं ठरलं. २०२२ मध्ये आधी किंमत निघाली ५० लाख, मग २५ लाख, आणि सरकार बदलल्यावर त्याच वर्षी १५ लाख. पहिल्या बातमीवर ज्यांनी कर्जाची जुळवाजुळव सुरू केली त्यांची झोप उडाली, आणि ज्यांनी 'आपल्याला कुठे परवडणार' म्हणून नाद सोडला त्यांना पुन्हा उठून कागद शोधावे लागले.

आठ तासांच्या ड्युटीचंही तसंच. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात तो प्रयोग सुरू झाला. मूळ कल्पना तिथल्याच एका शिपायाची आणि ती उचलून धरली तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी. १ जानेवारी २०१८ पासून ती शहरातल्या सगळ्या ठाण्यांत लागू झाल्याचं जाहीर झालं. त्या काळात आमच्या लाईनीत संध्याकाळी बाप मंडळी मुलांना घेऊन खाली उतरलेली मी पाहिली आहेत, ते आधी कधी दिसायचं नाही. पण माणसं कमी पडली, सण आले, मोर्चे आले, पुढे करोना आला, की बारा तास ठरलेलेच. २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांचा निर्णय आला. त्याच वर्षी नैमित्तिक रजा १२ वरून २० करायचंही ठरलं. रजा वाढली याचा आनंद आहेच, पण ती मंजूर करणारा साहेब गणपतीत आणि ६ डिसेंबरला कुठून सोडणार, हे तुम्हाला पहिल्या वर्षातच कळलं असेल.

तर कुठलीही खूशखबर आली की महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचं पान उघडा, विभागांच्या यादीतून गृह विभाग निवडा आणि तारीख बघा. खऱ्या जीआरवर लांबलचक संगणक संकेतांक असतो. तो टाकून कागद मिळाला तर खबर पक्की. नुसताच फोटो फिरत असेल तर फिरू द्या. मोबाईलवर हे पाच मिनिटांत होतं. लाईनीतल्या चार बायकांना दाखवलंत तर त्या तुमचं नाव काढतील. शिवाय 'दक्षता' हे पोलीस खात्याचं मासिक आहे, त्यात खात्यातल्या घडामोडी येतात, पण अर्जांच्या तारखा कळायला ते कामाचं नाही.

योजनांकडे वळायच्या आधी मिस्टरांची पगाराची स्लिप मागून घ्या. सेवार्थ या सरकारी पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर ती दर महिन्याला निघते. त्यातल्या कपाती वाचा. गट विमा योजना १९८२ ची कपात असेल, पोलीस कल्याण निधीची असेल, एनपीएसची म्हणजे नव्या पेन्शन योजनेची असेल. पैसे कुठे कापले जातात हे कळलं की हक्क कशावर आहे हेही कळतं. मग प्रत्येकाचं नॉमिनेशन बघा. मुलगा लग्नाआधी नोकरीला लागतो, तेव्हा सगळीकडे आईचं नाव लिहितो, आणि लग्नानंतर ते तसंच राहतं. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून कुणी विषय काढत नाही. काढा. नाव दोघींचं हिश्श्याने लावता येतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मात्र नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंब निवृत्तीवेतन मिळावं असा निर्णय २०२३ मध्ये झाला आहे. त्यासाठीचे विकल्पाचे आणि कुटुंबाच्या तपशिलाचे कागद सेवापुस्तकात लागलेत का, हे मिस्टरांना विचारायला लावा. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथे अपघाती विमा असतो, त्याचीही अट आणि रक्कम बँकेतूनच लेखी घ्या. असल्या गोष्टी बोलणं अशुभ वाटतं खरं. आमच्या मजल्यावर एका तरुण बाईवर ती वेळ आली, तेव्हा दु:खापेक्षा कागदांनी तिला जास्त रडवलं. अनुकंपा नोकरीच्या अर्जालाही मुदत असते, हे तिला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

आजारपणाचं सांगते. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे, तिच्यात पॅनलवरच्या रुग्णालयात ठरावीक आजारांवर पैसे न भरता उपचार होतात. 'ठरावीक' हा शब्द लक्षात ठेवा. साधा ताप, दात, चष्मा यात बसत नाहीत. पॅनलची यादी बदलत राहते. ह्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही ज्या खासगी रुग्णालयात गेलो, ते गेल्या वर्षीपर्यंत यादीत होतं आणि त्या वेळी नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र परत सरकवलं आणि अनामत मागितली. दागिने ठेवून भरली. नंतर वैद्यकीय प्रतिपूर्ती मागितली. त्या नियमांत २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे, हृदयाचं दुखणं तिच्यात बसत होतं, म्हणून पैसे मिळाले. पण दर सरकारी, त्यामुळे खर्च केलेलं सगळं आलं नाही आणि आलेलं फार उशिरा आलं. म्हणून वर्षातून एकदा तरी घराजवळची कुठली रुग्णालयं यादीत आहेत ते विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा. दाखल झालात की डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, डॉक्टरांचं अत्यावश्यकता प्रमाणपत्र, सगळं मूळ प्रतीत सांभाळा. झेरॉक्सवर काही होत नाही. सासू-सासरे मिस्टरांवर अवलंबून असतील तर त्यांची नावं आत्ताच नोंदवून घ्या, आजारी पडल्यावर नाही. रोजच्या दुखण्याला नागपाड्याचं पोलीस रुग्णालय आहे. लोक नाकं मुरडतात, पण औषधं आणि रजेचं प्रमाणपत्र यासाठी तिथे जावंच लागतं, आणि तिथली माणसं पोलिसाच्या ड्युटीचे हाल ओळखून असतात.

क्वार्टर हवं असेल तर अर्ज आजच करा, कारण मुंबईत यादी लांब आहे आणि ती अर्जाच्या तारखेवर चालते. मिळालं की घरभाडे भत्ता बंद होतो, त्यामुळे आधी बेरीज-वजाबाकी करून बघा. गळक्या छताचं आणि जुन्या पाइपांचं मी काही बोलत नाही, राहायला गेलात की कळेलच. स्वतःचं घर घ्यायचं तर खात्यामार्फत घरबांधणी कर्ज आहे, त्याला सगळे 'डीजी लोन' म्हणतात. त्याचे पैसे निधी असेल तसे सुटतात, मधेच थांबतात. बिल्डरला शब्द देण्याआधी सध्या अर्ज घेतात का एवढं विचारा.

कल्याण निधीतून मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, कधी लग्नासाठी मदत किंवा कर्ज मिळतं. शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण निकालानंतर मागवतात, तेव्हा जून-जुलैत कान उघडे ठेवा. तुमचं मूल लहान असेल तर अजून वेळ आहे. पोलीस कँटीनचं कार्ड मात्र लगेच काढा. किराणा, मिक्सर, टीव्ही बाजारापेक्षा स्वस्त पडतात. फक्त स्वस्त मिळतं म्हणून फ्रिज बदलू नका, आमच्या शेजारणीने पतपेढीचं कर्ज काढून बदलला होता.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण 'जेवतात आणि झोपतात' वाचून सांगावीशी वाटली. थकवा वेगळा आणि माणूस आतून बंद होणं वेगळं. चिडचिड वाढली, दारू वाढली, 'नोकरी सोडतो' हे रोजचं झालं, तर समुपदेशनाची शिबिरं खात्यात होतात. पण पुष्कळजण जात नाहीत, नाव झालं तर सीआर म्हणजे गोपनीय अहवाल खराब होईल किंवा हत्यार काढून घेतील या भीतीने. त्यांना खात्याबाहेरचा रस्ता सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं, कुठल्या ठाण्याचे आहात हे सांगावं लागत नाही. तुम्हीही करू शकता फोन, फक्त त्यांच्यासाठी नव्हे.

आणि हो, तुम्ही स्वतः चौकशीला गेलात तर चालतं. क्रॉफर्ड मार्केटसमोर आयुक्तालय आहे, तिथे कल्याणाचं काम बघणाऱ्या शाखेत पोलिसांच्या बायका, विधवा, निवृत्त लोक येत-जात असतात. मिस्टरांचा बक्कल नंबर (खात्यातला त्यांचा क्रमांक), सेवार्थ आयडी, तुमचं आधार आणि लग्नाचा दाखला सोबत न्या. अर्जावर सही मात्र त्यांचीच लागेल, आणि तो त्यांच्या युनिटमार्फतच पुढे जाईल, हे लक्षात ठेवा, नाहीतर 'थ्रू प्रॉपर चॅनल या' म्हणून परत पाठवतील. अर्ज दिलात की आवक क्रमांक मागा. तो दिला नाही तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, तोवर टेबलापासून हलू नका. गणपतीत आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, अर्धं कार्यालय बंदोबस्ताला गेलेलं असतं.