गाणं बदलताना आवाज तुटतो: दोष फाईलमध्येही असू शकतो (उत्तर लांबलंय)

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. फिश या अमेरिकन रॉक बँडचा 'स्लिप स्टिच अँड पास' हा लाइव्ह अल्बम डाउनलोड घेतला, 'माईक्स साँग' संपून 'लॉन बॉय' लागताना क्षणभर आवाज गायब, आणि दुकानवाले म्हणतात फाईल ठीक आहे. सेम टू सेम माझ्यासोबत झालंय, दुकान दुसरं असेल कदाचित.

माझ्या वेळी कस्टमर केअरने आधी सांगितलं ॲप काढून परत टाका, मग कॅशे साफ करा, मग हेडफोन बदलून बघा, आणि दर वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळी कथा ऐकवायची. मी ऑडॅसिटीत (आवाजाचा आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) फाईल उघडून शेवटची सपाट रेघ, म्हणजे शांतता, दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवला, तो कोणी उघडलासुद्धा नसावा. शेवटी उत्तर काय, तर ट्रॅकची लांबी वेबसाइटशी जुळते म्हणून दोष नाही, आणि तक्रार बंद! पैशांचं सोडा हो, पण लाइव्ह अल्बम विकता आणि गाणी सलग वाजायला हवीत एवढं कळत नाही, याचा मला अजून राग येतो.

एमपीथ्री फाईल ११५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या सूक्ष्म नोंदींच्या) ठरावीक तुकड्यांत बनते, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. किती भरली हे फाईलमध्ये नोंदवलेलं असेल आणि प्लेयर ते वाचत असेल तर ती कापली जाते, नाहीतर खड्डा. स्टुडिओ अल्बममध्ये कळतही नाही, पण इथे १ मार्च १९९७ ची हॅम्बुर्गच्या मार्कथालेमधली गर्दी मागे सतत ऐकू येते, ती मध्येच गप्प झाली की कानाला टोचतंच.

म्हणून 'आवाज तुटतो' असं मोघम लिहू नका, सरळ फ्लॅक किंवा वेव्ह फाईल मागा, या प्रकारांत अशी शांतता भरावी लागत नाही. कोणीतरी क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणं) चालू करा सांगेल, अजिबात करू नका, पुढच्या गाण्याचा पहिला ठोका त्यात विरघळतो. जुनी सीडी मिळाली तर सगळ्यात उत्तम, घरी रिप करा, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, तीही फ्लॅकमध्ये. (मी साउंड इंजिनियर नाही, तुमचा प्लेयर वेगळा असू शकतो.)

एवढा आटापिटा कशाला म्हणाल, तर याच अल्बममधलं 'वुल्फमन्स ब्रदर' ऐका. १९९६ च्या हॅलोविनला अटलांटात या लोकांनी टॉकिंग हेड्स या दुसऱ्या बँडचा 'रिमेन इन लाइट' अल्बम अख्खा वाजवला होता, आणि त्यातला फंक (ठेक्यावर भर देणारं संगीत) अंगात कसा मुरला ते इथे कळतं. अल्बमची सुरुवातही टॉकिंग हेड्सच्याच 'सिटीज'ने आहे. गिटारवाला ट्रे सोलो सोडून तुटक कॉर्ड मारत रिदममध्ये शिरतो, बासिस्ट माईकचा बास पुढे येतो, आणि चौघं मिळून एकच ठेका हळूहळू घट्ट करत नेतात.

आणि हो, हे पटलं तर फिशचाच १९९५ चा 'अ लाइव्ह वन' घ्या, त्यातला 'ट्वीझर' अर्ध्या तासाचा आहे, पण तोही फ्लॅकमध्येच.