घराचे पैसे कुठून काढायचे, ते नंतर बघू. आधी सातबारा वाचू.

ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५३, हातात पगार ९५ हजार, पाच वर्षांनी निवृत्ती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दापोली तालुक्यात ९ लाखांना पाच गुंठे जागा घेतली. आता तिथे ९०० चौरस फुटांचं घर बांधायचं आहे, अंदाजपत्रक २२ लाखांचं. म्युच्युअल फंडातल्या २८ लाखांतून पैसे काढावेत की ठाण्याच्या फ्लॅटवर कर्ज घ्यावं, असा त्यांचा प्रश्न आहे. घर होमस्टेला दिलं की महिन्याला २५ हजार सुटतील, असं जागा विकणाऱ्या एजंटने सांगितलं आहे. सोबत घराचा नकाशा आणि सातबारा जोडला आहे.

उत्तर एवढंच: दोन्ही नको. त्याचं कारण तुमच्या पत्रातल्या एका ओझरत्या वाक्यात आहे. तुम्ही लिहिता, शेतकरी दाखल्याचं एजंटनेच बघितलं.

म्हणजे नेमकं काय बघितलं? कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. राज्यात कुठेही वडिलोपार्जित शेती असेल आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलेलं असेल, तर काळजी नाही. पण कुणा परक्याच्या जमिनीला तुम्हाला वारस दाखवलं असेल किंवा दाखलाच बनावट असेल, तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. बनावट कागद वापरल्याचा गुन्हा वेगळा. खरेदीखत नोंदलं गेलं, फेरफारही झाला, म्हणून निर्धास्त राहू नका. दस्ताची नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्वेध आहे असा शिक्का मिळत नाही. ती जागा प्रादेशिक योजनेत निवासी विभागात असेल तर शेतकरी असण्याची अट लागत नाही. म्हणून नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा. खर्च किरकोळ आहे, आणि हा कागद जागा घेण्याआधीच हातात हवा होता.

आता सातबारा. गटाचं क्षेत्र ५० गुंठे, भोगवटदार, म्हणजे जमिनीचे नोंदलेले धारक, दहा, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. तुमच्या नावापुढे पाच गुंठे आहेत, पण ते समाईकात. तुमचे पाच गुंठे म्हणजे नेमके कोणते? एजंटने चुना टाकून आखून दिलेल्या रेषेला सरकारदरबारी काही अर्थ नाही. स्वतंत्र मोजणी नाही, स्वतंत्र हद्द नाही. तुकडेबंदी कायद्यात जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे वेगळा तुकडा म्हणून चालणारं किमान क्षेत्र, २०२३ मध्ये कमी केलं, तरी ते २० गुंठे आहे. पाच गुंठ्यांचा शेतजमिनीचा वेगळा सातबारा सहजी होणार नाही. जुने तुकडे नियमित करण्याच्या सवलती सरकार अधूनमधून देतं. त्या भरवशावर २२ लाख जमिनीत घालायचे नसतात.

एजंट म्हणतो, शेतघराला परवानगी लागत नाही. त्याला गणित करायला सांगा. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे लागतात. पूर्ण गट ५० गुंठ्यांचा, त्यावर सगळं मिळून दीड-दोन हजार चौरस फूट बांधकाम बसेल. दहा जणांनी तुमच्यासारखी घरं बांधली तर होतात ९ हजार. पहिल्या दोघांचं निभावलं तरी उरलेल्या आठांनी काय करायचं? ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला तुमच्याकडे आहे, पण गावठाणाबाहेर तो बांधकाम परवाना ठरत नाही. घरपट्टी लागली तरी घर अधिकृत होत नाही.

गृहकर्जाचा पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नाही, हे मला सर्वांत जास्त खटकलं. गृहकर्ज मागितलं असतं तर बँकेच्या वकिलाने मालकीचे कागद, बिगरशेती आदेश आणि मंजूर नकाशा मागितला असता आणि प्रकरण तिथेच थांबलं असतं. फ्लॅटवरच्या कर्जात बँक फक्त फ्लॅट बघते, दापोलीचं काहीच विचारत नाही. हा मार्ग एजंटने सुचवला तो त्याच्या सोयीचा आहे. त्यात राहतं घर गहाण पडतं ते तुमचं. असा सल्ला देणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

नकाशा सुंदर आहे. चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी. कोकणच्या पावसाला हेच शोभतं आणि टिकतं. सपाट स्लॅब टाकून चार वर्षांत वर पत्रे चढवणारे मी खूप पाहिले आहेत. आर्किटेक्टचं काम वाया जाणार नाही, जागा बदलली तरी हे घर थोडं फिरवून बसवता येईल.

होमस्टेचं थोडक्यात. वर्षाला ६० रात्री भरल्या आणि रात्रीचे अडीच हजार मिळाले, तर दीड लाख. राखणदाराचे महिना ८ हजार धरले तर ९६ हजार गेले. वीज, साफसफाई, खाऱ्या वाऱ्याने दरवर्षी लागणारी रंगरंगोटी वजा केली की २०-२५ हजार उरतील, तेही वर्षाला. आणि फंडातून २२ लाख काढलेत, त्यात १० लाख दीर्घकालीन नफा असेल, तर लाखाच्या वर कर. मागे राहतात ६ लाख, निवृत्तीला पाच वर्षं असताना.

तेव्हा आधी तालुक्यातला, एजंटच्या ओळखीचा नसलेला वकील गाठा आणि शेतकरी दाखल्याची खरी स्थिती त्याच्यापुढे ठेवा. तो कागद तोवर दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात लावू नका. गावठाणाच्या हद्दीपासून गट २०० मीटरच्या आत असेल तर बिगरशेती सोपी होते, तेही त्याच्याकडून तपासून घ्या. समाईक हिश्शाचा गुंता मात्र त्याने सुटत नाही. मार्ग निघत नसेल तर विकणाऱ्याकडून पैसे परत मिळवण्याच्या मागे लागा. वाईटात वाईट झालं तर ९ लाख जातील. घर बांधलंत तर तो आकडा ३१ लाखांवर जाईल.

कोकणात घर हवंच असेल तर गावठाणातलं जुनं घर किंवा स्वतंत्र सातबारा असलेला बिगरशेती प्लॉट शोधा, आणि त्यासाठी गृहकर्जच मागा. बँकेच्या वकिलाची तपासणी तुमच्या उपयोगाची आहे.

कंत्राटदाराला आजच फोन करून जोत्याचं काम थांबवा. चिरे उतरवले असतील तर ते तिथल्या तिथे विकले जातात.