बसचे पैसे कोणी भरायचे? तिकीट की टॅक्स, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, रिटायर झालोय, स्वतःची गाडी आहे. शहर बसमध्ये मी कधी बसत नाही, मग बसचा तोटा माझ्या घर टॅक्समधून कशाला? जो बसेल त्यानं भरावं ना.

काका, वर्धा रोडवर अजनी चौकाच्या पुढे गेलात की खांबाकडे नीट बघा. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, तिन्ही एकाच जागेवर. मधल्या पुलावरून कारने जाणाऱ्याला एक रुपया लागत नाही आणि वरून जाणारा तिकीट काढतो. पूलही जनतेच्याच पैशातून झाला, पण पूल तोट्यात चालला असं आपण कधी म्हणत नाही. बसमध्ये तिकीट फाडतात म्हणून तिथला हिशोब दिसतो, आणि दिसतो म्हणून तोच डोळ्यात खुपतो.

आता तिकीट वाढवायचं म्हणता, तर ‘आपली बस’ या शहर बससेवेचं गणित असं आहे की बस चालवणाऱ्या ऑपरेटरला मनपा किलोमीटरमागे पैसे देते आणि तिकिटाचे पैसे मनपाकडे जमा होतात. म्हणजे बस भरलेली धावली काय अन् रिकामी धावली काय, किलोमीटरचं बिल तेवढंच. तिकीट महाग झालं की ज्याला जमतं तो हप्त्यावर गाडी घेतो, बस रिकामी होते आणि तोट्याचा खड्डा काही बुजत नाही. दिल्ली मेट्रोने 2017 मध्ये एकाच वर्षात दोनदा भाडं वाढवलं आणि प्रवासी कमी झाले. आणि बस सोडलेला तो प्रत्येक माणूस मग सिग्नलला तुमच्याच पुढे उभा असतो.

पण एका गोष्टीत तुमचं बरोबर आहे, सगळा भार घर टॅक्सवर नको. जकात गेली, 2015 ला बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही (स्थानिक संस्था कर) गेला, आता राज्याकडून जीएसटीची भरपाई येते त्यावर बरंच काही चालतं, आरटीओत भरलेला गाडीचा टॅक्सही राज्याच्याच तिजोरीत जातो, मनपाच्या हातात स्वतःचं असं उरतंच किती! म्हणून मला वाटतं, ज्याला फायदा होतो त्याने द्यावं. पॅरिसमध्ये 1971 पासून कंपन्या पगाराच्या बिलावर वाहतूक कर भरतात, कारण कामगार वेळेवर पोचला तर फायदा कंपनीचाच असतो. लंडनने 2003 पासून मध्य भागात येणाऱ्या कारवर शुल्क लावलं आणि ते पैसे वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन घातलं. आपल्याकडे बर्डी, धरमपेठ, इतवारीत रस्त्यावर दिवसभर गाडी लावायचे नीट पैसे घेतले आणि ते थेट बसच्या खात्यात टाकले तरी सुरुवात होईल. हे करणं राजकारण्यांना जड जातं हे मला माहीत आहे, तरी मी हेच म्हणेन.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत कामाला जाते. दिल्लीत बायकांना बस फुकट आहे, एसटीत अर्धं तिकीट आहे, मग शहर बस सगळ्यांनाच फुकट का नाही करत?

ताई, करता येते. लक्झेंबर्गने 2020 मध्ये अख्ख्या देशात केली. पण तिथे मागे सरकारचा भक्कम पैसा आहे, आणि एसटीच्या सवलतीचे पैसेही राज्य सरकार एसटीला भरून देतं, ते कुठून तरी येतातच. मुंबईचं बघा, बेस्टने 2019 मध्ये कमीत कमी तिकीट 5 रुपये केलं, लोक बसकडे परत आले, खूप चांगला निर्णय होता तो. पण कायमचा ठरलेला पैसा मागे उभा राहिला नाही, दरवर्षी महापालिकेपुढे हात पसरायचा, स्वतःच्या बस कमी होत गेल्या आणि 2025 मध्ये तेच तिकीट 10 रुपये झालं. शिफ्ट सुटल्यावर स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईला आधी बस हवी असते, दहा-पंधरा मिनिटांत येणारी आणि रात्रीही येणारी. म्हणून पहिला पैसा फेऱ्या वाढवायला, मग तिकीट स्वस्त, फुकट त्याच्याही नंतर. विद्यार्थी आणि कमी पगारवाल्यांचा पास मात्र आजच स्वस्त हवा, त्यासाठी थांबायला नको.

प्रश्न : फ्लॅट घेताना मेट्रोसाठी म्हणून 1 टक्का जास्त मुद्रांक शुल्क भरलं. त्यातलं बसला काही मिळतं का?

तो अधिभार मेट्रोसारखे मोठे प्रकल्प उभारायला आहे, रोजची बस चालवायला नाही. मेट्रोला केंद्र आणि राज्याचा पैसा आहे, जर्मनी आणि फ्रान्सच्या बँकांचं कर्ज मिळालं, बसला तेवढा आधार नाही. आणि स्टेशनपासून घरापर्यंत बस नसेल तर माणूस मेट्रोत बसणार तरी कसा? त्यामुळे या अधिभारातला ठरलेला वाटा स्टेशनला जोडणाऱ्या फीडर बसला मिळावा ही मागणी अगदी रास्त आहे. मनपाच्या परिवहनचं बजेट वेगळं मांडलं जातं, ते येईल तेव्हा तिकिटातून किती आले आणि मनपाने किती घातले हे दोन आकडे बघा, आणि तेच घेऊन आपल्या भागाच्या आमदारांना लेखी विचारा, कारण मुद्रांक शुल्काचा निर्णय राज्याकडे आहे, मनपाकडे नाही.