दुर्बिणीचं गो-टू माउंट (लक्ष्याकडे आपोआप वळणारं मोटारवालं स्टँड) ‘अलाइन सक्सेस’, म्हणजे तारे जुळले, असं दाखवतं, तरी एम ८१ आणि एम ३३ या दीर्घिका दिसत नाहीत. माउंट बिघडलंय का?

नाही. माउंट परत पाठवायचं डोक्यातून काढून टाका. तुम्हीच दिलेल्या माहितीत उत्तर आहे: आठ इंची श्मिट-कॅसग्रेन दुर्बीण, २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याकडची भिंगं), अलाइनला, म्हणजे माउंटला आकाश ओळखून द्यायला, काक्षी (बीटलज्यूस) आणि पोलक्स हे दोन तारे, मृगातला तेजोमेघ ‘जरा बाजूला’ सापडला आणि पुढे सगळं कोरं.

माझी जवळजवळ खात्री आहे की तुम्ही पोलक्सऐवजी कॅस्टर मधोमध आणलात. पुनर्वसूचे हे दोन तारे एकमेकांपासून साडेचार अंशांवर आहेत. गंमत म्हणजे काक्षीपासून दोघंही साधारण ३३ अंशांवर, फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. दोन ताऱ्यांमधलं अंतर पुस्तकातल्या अंतराशी जुळतंय का, एवढंच कंट्रोलर (माउंटचा हातातला संगणक) तपासतो. ते जुळलं, म्हणून त्याने ‘सक्सेस’ म्हटलं. नेमकी हीच जोडी आणि हीच चूक मी अमावस्येच्या निरीक्षणात इतरांच्या दुर्बिणींवर पाहिली आहे.

आता परिणाम बघा. पहिला तारा बरोबर, दुसरा चुकीचा, म्हणजे कंट्रोलरच्या डोक्यातलं आकाश काक्षीभोवती सुमारे आठ अंशांनी फिरलेलं आहे. मृगाचा तेजोमेघ काक्षीपासून १४ अंशांच्या आत, तिथे चूक दोनेक अंशांची. तो फाइंडरमध्ये (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) दिसला, तुम्ही ढकलून मध्ये आणलात आणि समाधान झालं. एम ८१ काक्षीपासून सत्तर अंशांच्या पलीकडे, तिथे तीच चूक सात-आठ अंशांची होते. फाइंडरमध्येसुद्धा येणार नाही. पहिल्या ताऱ्यापासून लांब जावं तशी चूक वाढत गेली की दुसरा तारा तपासायचा, हे लक्षात ठेवा.

ओळखायचं कसं? पोलक्स जास्त तेजस्वी आणि पिवळसर-नारिंगी. कॅस्टर पांढरा. तरी शंका वाटली तर १० मिमी लावा. एका ताऱ्याच्या जागी दोन पांढरे ठिपके अगदी खेटून दिसले तर तो कॅस्टर, कारण तो जोडतारा आहे. पोलक्स एकटाच राहतो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. मी तर म्हणेन, पुनर्वसूच्या वाटेला जाऊच नका. ब्रह्महृदय आणि व्याध घ्या, शेजारी गोंधळ घालणारं कोणी नाही. पडद्यावर ते कपेला आणि सिरिअस म्हणून येतात.

कंट्रोलरमध्ये तारीख भरताना बहुतेक ठिकाणी महिना आधी असतो. वेळेचा फरक +५:३० भरा, नुसतं ५ नको. अर्धा तास चुकला की आकाश साडेसात अंश सरकतं, माउंट ताऱ्याच्या बाजूला जाऊन थांबतं आणि तुम्ही शेजारचा तारा पकडता. कॅस्टर असाच हाती लागतो. डेलाइट सेव्हिंग ‘नो’.

तारा मध्ये आणताना शेवटची हालचाल ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ या बटणांनीच करा. गिअरमध्ये थोडी ढिलाई असते. शेवटी डावं बटण दाबून थांबलात तर ती ढिलाई उलट्या बाजूला राहते आणि पुढचं प्रत्येक लक्ष्य तेवढं हुकतं. पुढे गेलात तर मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने या. तारा आउट ऑफ फोकस करून त्याची ताटली केलीत तर मधोमध आणणं सोपं जातं. यासाठी १० मिमी वापरा, शोधायला मात्र नाही. तुमच्या २,०३२ मिमी फोकल लेंग्थला तो जेमतेम पाव अंश आकाश दाखवतो. २५ मिमी सुमारे ०.६४ अंश दाखवतो, शोधायचं त्यानेच. ३२ मिमी घेतलात तर एम ८१ आणि तिच्या शेजारची दीर्घिका एम ८२ एकाच वेळी मावतील. दोघांत ३७ कलांचं अंतर आहे (६० कला म्हणजे एक अंश).

एम ३३ चं प्रकरण वेगळं. त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितकं तेज जास्त) ५.७ लिहिलेली असते, म्हणून सोपं वाटतं. पण तो प्रकाश ७० बाय ४० कलांवर पसरलाय, म्हणजे तुमचं २५ मिमीचं सगळं दृश्यक्षेत्र त्या दीर्घिकेच्या आतच असतं. कडाच दिसत नाही, मग दिसणार काय? उलट एम ५७ या कंकणासारख्या तेजोमेघाची प्रत ८.८, पण आकार जेमतेम दीड कला, त्यामुळे ते कंकण शहरातूनही दिसतं. नुसत्या प्रतीवरून लक्ष्यं निवडू नका.

‘आधी सहा महिने ताऱ्यांवरून हाताने शोधा, मग गो-टूला हात लावा’ असा सल्ला तुम्हालाही कोणीतरी दिलाच असेल. मला तो अजिबात पटत नाही. ज्याला महिन्यातून एकदाच अमावस्येला शहराबाहेर पडता येतं, त्याने ती रात्र एक दीर्घिका शोधण्यात का घालवायची? त्याने वीस तेजस्वी तारे नावानिशी पाठ करावेत. माउंटला तेवढंच लागतं, बाकीचं काम त्याच्यावर सोडा.

अर्थात हे सगळं तुमची बॅटरी ठणठणीत आहे असं धरून. आठ पेन्सिल सेलवर चालवत असाल तर ते उतरले की मोटार अडखळते आणि बरोबर केलेलं अलाइनही बिघडतं. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी घ्या. आणि एम ८१ आपल्याकडून फार वर येत नाही, मध्यावर असतानाही चाळीसेक अंशच. संध्याकाळी तो उत्तरेला क्षितिजाजवळ असताना शोधलात तर अलाइन अचूक असूनही काही दिसणार नाही.